घंटा कोणाची, चेंडू कोणाचा?

आमच्या धर्मग्रामाचे फेस्त जवळ आले म्हणजे चर्चशेजारच्या मैदानावरील गोलखांबांना चुना लागतो आणि वाड्यावाड्यांच्या संघांचे सामने सुरू होतात. यंदा सामन्यांची जुळवाजुळव चालू असतानाच आमच्या तरुण संघाचे चार मुलगे एके संध्याकाळी जपमाळेच्या प्रार्थनेनंतर आमच्याकडे आले. त्यांच्या हाती एक पत्र होते. जवळच्या शहरातील एका व्यापारी गृहस्थांनी तीन वर्षेपर्यंत संघाचा सर्व खर्च सोसण्याचे कबूल केले होते. गणवेश, बूट, चेंडू, प्रशिक्षकाचे वेतन, बाहेरगावच्या सामन्यांचे गाडीभाडे, सारे काही. अटी दोनच होत्या. संघास त्यांच्या पेढीचे नाव द्यावे, आणि फुटबॉल संघटनेकडील नोंदणीही पेढीच्याच नावे व्हावी.

"फादर, तुमची सही तेवढी हवी," असे त्यांच्यातला धीट मुलगा म्हणाला. आम्ही पत्र दोनदा वाचले आणि पंधरा दिवसांची मुदत मागितली. मुलांचे चेहरे उतरले. हे गृहस्थ सज्जन आहेत, त्यांच्या उदारतेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. शिवाय गेल्या पावसाळ्यात जाळे फाटले ते अजून दोरीने बांधलेले आहे, हेही आम्हांस दिसते. तरीही आमचा हात का अडखळला, हे त्या मुलांस आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांस सांगणे आम्ही लागतो. आणि हा प्रश्न आमच्या एकाच धर्मग्रामाचा नसल्यामुळे तो या साप्ताहिकाच्या वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम एक घरगुती गोष्ट सांगतो. आमच्या चर्चच्या मनोऱ्यातील मोठी घंटा एका सुखवस्तू कुटुंबाने फार वर्षांपूर्वी अर्पण केली. घंटेच्या काठावर त्यांचे नाव कोरलेले आहे. पुढे त्या कुटुंबाचे दिवस फिरले, धंदा बसला, घर विकले गेले, मंडळी परदेशी गेली. परंतु घंटा उतरविण्यास कोणी आले नाही, येऊ शकतही नव्हते. कारण ज्या दिवशी ती मनोऱ्यात चढली त्याच दिवशी ती फाब्रिकेच्या वहीत लिहिली गेली होती. नाव दात्याचे राहिले आणि घंटा गावाची झाली. ही गोष्ट वाचकांनी मनाशी ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

गोमंतकात फुटबॉल आला तो एका धर्मगुरूच्या हातून, हे आज पुष्कळांस ठाऊक नसते. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे धर्मगुरू १८८३ साली प्रकृतीस आराम पडावा म्हणून बार्देशात शिवोलीस येऊन राहिले. तेथे त्यांनी मुलांस शिकविण्यास आरंभ केला आणि शिक्षणाचेच एक अंग म्हणून त्यांच्यापुढे चेंडू टाकला. तेथून हा खेळ शाळांत, सेमिनारीत आणि मग चर्चच्या पुढील अंगणांत पसरला. आमच्या लहानपणी कोणत्याही गावाचे फेस्त फुटबॉलशिवाय पुरे होत नसे. बक्षीस म्हणून कधी बकरा असे, कधी केळ्यांचा घड, कधी पितळी चषक. मैदान कोठे कोमुनिदादीचे, कोठे चर्चचे, कोठे एखाद्या भाटकाराचे कापणीनंतर मोकळे झालेले शेत असे. क्लब कोणाचा, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारीत नसे, कारण विकत घेण्यासारखे त्यात काही नव्हते.

१९५० नंतर चित्र पालटू लागले. लोहखनिजाच्या खाणींनी गोमंतकात एक नवे ऐश्वर्य आणले. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांतून खनिजाच्या बार्जी मुरगाव बंदराकडे जाऊ लागल्या, आणि त्या ऐश्वर्याचा एक ओघ फुटबॉलकडे वळला. १९५६ साली वास्कोच्या सालगावकर उद्योगसमूहाचा संघ उभा राहिला. १९५९ साली गोवा फुटबॉल संघटनेची स्थापना झाली. १९६०च्या दशकातच सेझा गोवा या खाण कंपनीचा संघ निघाला, आणि डिचोलीच्या एका क्लबातून पुढे डेंपो स्पोर्ट्स क्लब घडला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक आणि खेळाचे मोठे चाहते होते. त्यांच्या नावच्या सुवर्णचषकासाठी देशातील नामांकित संघ येथे येऊन खेळले.

या घराण्यांचे ऋण आम्ही मनापासून मान्य करतो. त्यांनी गरीब घरच्या मुलांस नोकऱ्या दिल्या, बूट दिले, दुखापतीत डॉक्टर दिला. मच्छीमाराचा किंवा पदेराचा मुलगा पायांतील कौशल्याच्या बळावर महिन्याच्या महिन्याला पगार घरी आणू लागला, ही लहान गोष्ट नव्हे. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक सालगावकर संघात वाढला. १९८३-८४ च्या संतोष करंडक स्पर्धेत गोव्याने एकही गोल न स्वीकारता अजिंक्यपद मिळविले, तेव्हा गोलखांबांमध्ये तेच उभे होते. डेंपो संघाने १९७४-७५ मध्ये मुंबईस जाऊन रोव्हर्स चषक आणला; सालगावकरांनी १९८८ व १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला. १९८९ मध्ये फातोर्ड्याचे स्टेडियम उभे राहिले, आणि रविवारची दुसरी मिस्सा आटोपली की बस भरभरून माणसे तिकडे जाऊ लागली. (उपदेश लांबला म्हणजे घड्याळांकडे वळणारे डोळे आम्हांस वेदीवरून स्पष्ट दिसत, आम्ही त्यांस मनोमन क्षमा करीत असू.)

पुढे तर गोमंतकाचे दिवस असे आले की सांगताना नवल वाटते. १९९८-९९ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग सालगावकरांनी जिंकली. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली डेंपोने २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये तोच मान मिळविला. २००७ मध्ये त्या स्पर्धेचे नाव आय-लीग झाले, आणि त्यानंतरच्या पहिल्या सहाही हंगामांचे अजिंक्यपद या चिमुकल्या राज्याबाहेर गेले नाही. डेंपो तीन वेळा, चर्चिल ब्रदर्स दोन वेळा, सालगावकर एकदा. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स ही नावे देवळात जाणाऱ्या आणि चर्चमध्ये जाणाऱ्या मुलांच्या तोंडी सारखीच असत. आमच्या राज्यात मनांस जोडणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांत आम्ही फुटबॉलची गणना करतो.

आणि केवळ विजयच नव्हेत. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेंपोचा ब्राझीलहून आलेला तरुण आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन गोल केले, आणि दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी झालेल्या टकरीत कोसळून तो प्राणांस मुकला. सामना डेंपोने जिंकला. क्लबने त्याच्या पाठीवरचा दहा क्रमांक पुढे कोणास दिला नाही. गोमंतकात किती घरी त्या रात्री जपमाळ म्हटली गेली असेल! जो मुलगा आमच्या भाषेचा नाही, गावचा नाही, त्याच्यासाठी लोक रडले, कारण तो 'आमच्या क्लबचा' होता. या 'आमच्या' शब्दाचा हिशेब कोणत्या वहीत होतो?

कंपनीच्या वहीत तो होत नाही, आणि येथूनच आमच्या विषयास खरी सुरुवात होते.

२००९ सालच्या जून महिन्यात डेंपो समूहाने आपला खाणधंदा सेझा गोवा कंपनीस १,७५० कोटी रुपयांस विकला. सेझा गोवाची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. १९५४ मध्ये ती इटालियन भांडवलावर स्थापन झाली. १९९६ मध्ये तिची सूत्रे जपानच्या मित्सुई कंपनीकडे गेली. २००७ मध्ये ती वेदांत समूहाने घेतली. म्हणजे डिचोलीच्या डोंगरातील तांबडी माती तीच राहिली आणि तिचे धनी रोम, टोकियो आणि लंडन अशा तीन दिशांचे झाले. २००९ च्या व्यवहारात खाणी गेल्या, बार्जींचा काही धंदा गेला. क्लब मात्र गेला नाही. तो डेंपो घराण्याने आपल्याकडेच ठेवला, आणि लगेच २००९-१० चा हंगाम त्याने जिंकला. तेव्हा धंदा विकला की क्लब बुडतोच, असे आम्ही म्हणत नाही. त्या घराण्याच्या मनात खेळाविषयी आस्था होती म्हणून क्लब तरला, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

परंतु वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. ज्या दिवशी त्या करारावर सह्या झाल्या, त्या दिवशी क्लब खाणींबरोबर जाऊ शकला असता, किंवा बंदही होऊ शकला असता. तसे ठरले असते तर फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर वीस वर्षे बसलेल्या माणसास हरकत घेण्याचा काही अधिकार होता काय? कायद्याने नव्हता. गाव ज्यास आपला म्हणत होते तो क्लब एका घराण्याच्या सद्भावनेवर उभा होता. सद्भावना थोर खरी, पण ती मृत्युपत्रात लिहून देता येत नाही.

कागदाचा खरा धाक तीन वर्षांनी कळला. चीनच्या मागणीमुळे २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले होते. पुढे शाह आयोगाचा अहवाल आला, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी बंद केल्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच आदेश दिला. एप्रिल २०१४ मध्ये वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यास काम पुन्हा थांबले. खाणींनी डोंगर, ओहोळ आणि शेते यांचे काय केले हे ज्यांनी डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत पाहिले आहे, त्यांस न्यायालयाचा निर्णय समजेल. ट्रकांचे हप्ते थकलेले संसारही आम्ही पाहिले आहेत. त्या दुःखाचा ऊहापोह हा या लेखाचा विषय नव्हे. एवढेच म्हणावयाचे की ज्या झऱ्यावर आमचा फुटबॉल पन्नास वर्षे पाणी पीत होता, तो झरा अशा कारणांनी आटला की ज्यांचा चेंडूशी संबंध नव्हता.

तरीही 'खाणी बंद पडल्या म्हणून क्लब गेले' हे जे सरसकट बोलले जाते ते अर्धसत्य होय. खाणमालकांचे दुसरे धंदे होते. चर्चिल ब्रदर्स तर खाणींवर उभेच नव्हते. दुसरा घाव आला तो एका वेगळ्या करारातून, आणि त्यावरील सही गोव्यात झालीच नव्हती.

९ डिसेंबर २०१० रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या व्यापारी संस्थेशी पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांचा करार केला. भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क त्या संस्थेकडे गेले, आणि त्या करारातून २०१४ साली इंडियन सुपर लीग जन्मास आली. प्रकाशझोत, दूरचित्रवाणी, परदेशचे निवृत्त तारे, सारा थाट नवा होता. त्यात शहरांचे नवे संघ घेण्यात आले, आणि त्यासाठी मोठी वार्षिक रक्कम भरणे आवश्यक होते. गोव्यासाठी एफसी गोवा हा नवा संघ निघाला. जुने क्लब आय-लीगमध्ये राहिले. मे २०१६ मध्ये महासंघाने अशी योजना मांडली की सुपर लीग हीच देशाची पहिली श्रेणी व्हावी, आय-लीगने खाली जावे, आणि खालून वर चढण्याची वाट ठेवू नये. म्हणजे तुम्ही मैदानावर कितीही जिंका, पैसा भरल्यावाचून वरच्या पंगतीत पान मांडले जाणार नाही! त्या वर्षीच्या मध्यास सालगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा या दोन्ही संघांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. डेंपोची गोष्ट अधिक चटका लावणारी आहे. २०१४-१५ मध्ये ते खालच्या श्रेणीत उतरले होते. २०१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीत पहिले येऊन त्यांनी आपली जागा मैदानावर परत मिळविली. आणि ती जागा मिळाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनीही माघार घेतली. पाच वेळा देश जिंकलेला क्लब स्वतःच्या पायांनी दाराबाहेर पडला.

मालकांचा निषेध न्याय्य होता, असेच आमचे मत आहे. पण निषेधाची किंमत कोणी दिली? आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा त्या वेळी एका क्लबच्या तरुण संघात होता. क्लबचे नाव सांगण्याचे कारण नाही. वडील नव्हते, आई मासळी विकून घर चालवी. पुढल्या हंगामात मोठ्या संघात घेऊ, असा शब्द त्यास मिळाला होता. पावसाळ्यात निरोप आला की यंदा मोठा संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरणारच नाही. तो मुलगा दोन रविवार मिस्सेस आला नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा आईने बूट दाखविले. त्याने ते पिंपाखाली टाकून दिले होते. पुढे आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पारपत्र काढून तो इंग्लंडला गेला व एका गोदामात कामास लागला. नाताळास त्याचा फोन येतो. प्रकृतीची विचारपूस करण्याआधी तो विचारतो, "फादर, फेस्ताला कोण जिंकले?"

नव्या संघाचे तरी काय? २०१४ मध्ये एफसी गोवाच्या मालकांत दत्तराज सालगावकर, श्रीनिवास डेंपो आणि व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत होते. म्हणजे जुन्या दोन क्लबांच्या घराण्यांचाच पाय नव्या होडीतही होता. २०१६ मध्ये सूत्रे बदलली आणि बहुतांश वाटा जयदेव मोदी यांच्याकडे आला. ते मांडवीतील कॅसिनो चालविणाऱ्या डेल्टा कॉर्पचे अध्यक्ष. धूत यांचा व्हिडिओकॉन समूह २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायाधिकरणापुढे गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टा कॉर्पला वस्तू व सेवा कराच्या थकबाकीची ११,१३९ कोटी रुपयांची नोटीस आली. ती मागणी योग्य की अयोग्य, हे न्यायालये ठरवितील. मैदानावर या संघाने आमची मान उंच केली, हेही नमूद केले पाहिजे: २०१९-२० मध्ये लीगचे ढालपद मिळविले, आणि २०२१ मध्ये आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पण आधी खनिज आणि मग जुगाराची जहाजे! मुलांच्या खेळाचे तेल कोणत्या दिव्यात जळते आहे हे पाहून धर्मगुरूच्या मनास काय वाटते, ते वाचकांस सांगावयास नकोच.

हे दुखणे एकट्या गोव्याचे नाही. पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी कापडगिरणीचा संघ १९९६-९७ च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०११ मध्ये कंपनीने तो मोडला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची लीग जिंकली होती. २०१० मध्ये तोही बंद झाला. कंपनीच्या सभेत एक ठराव, वर्तमानपत्रात एक निवेदन, आणि चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास कपाटात. खुद्द सुपर लीगचीही तीच गत झाली. तो पंधरा वर्षांचा करार संपत आला आणि नव्या कराराचे जमेना, तेव्हा जुलै २०२५ मध्ये पुढचा हंगाम स्थगित करण्यात आला, आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतनही थांबविले. ज्या कागदाने जुन्या क्लबांस बाहेर काढले, त्याच कागदाच्या मुदतीने नव्यांस रांगेत उभे केले.

याच्या उलट एक उदाहरण कोलकात्याचे आहे. मोहन बागान हा १८८९ चा क्लब, तो सभासदांचा. २०२० मध्ये त्याच्या फुटबॉल विभागाचा ऐंशी टक्के वाटा गोएंका समूहाकडे गेला, आणि त्यांच्या आधीच्या संघाची 'एटीके' ही तीन अक्षरे क्लबच्या नावापुढे लागली. सभासद व चाहते यांनी तीन वर्षे गिल्ला केला, फलक लावले, बहिष्कार घातले. शेवटी १८ मार्च २०२३ रोजी सुपर लीगचा अंतिम सामना जिंकल्यावर मालकांनी तेथल्या तेथे ती अक्षरे काढण्याची घोषणा केली. तो सामना आमच्या फातोर्ड्यासच झाला होता! आमच्या मैदानावर दुसऱ्यांच्या क्लबला त्याचे नाव परत मिळाले, आणि आमचे जुने क्लब त्या वेळी त्या स्पर्धेत नव्हते. वाटा गेला तरी बंगाल्यांचा आवाज का राहिला? कारण सभासदांची वही होती. गोव्याच्या कंपनी-क्लबांस लाखो चाहते होते, पण त्यांची नावे कोणत्याच वहीत नव्हती.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली आपल्या परिपत्रकात मजुराचे श्रम ही केवळ बाजारातील वस्तू नव्हे असे शिकविले, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ साली सांगितले की खाजगी मालमत्तेवर समाजाचा बोजा असतो. ख्रिस्तसभा मालकी नाकारीत नाही. मालकास ती कारभारी मानते. प्रभूने कारभाऱ्याचे दाखले वारंवार का सांगितले असतील, याचा विचार करताना आमच्या मनात येते की धनी आणि कारभारी यांतील भेद विसरण्याचा मोह त्या काळीही कमी नसावा. कापडाची गिरणी मालकाची. गिरणीच्या संघासाठी तीस वर्षे पावसात उभे राहिलेल्यांची ओढ मात्र त्याने विकत घेतलेली नसते. मग ती तो विकू कशी शकतो? आणि तरी विकली जाते, कारण ती नोंदणीच्या एकाच कागदास चिकटलेली असते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की डेंपोने दार कायमचे लावले नाही. गोव्याच्या स्थानिक लीगमध्ये ते खेळत राहिले, मुलांस तयार करीत राहिले, आणि २०२३-२४ च्या आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत दुसरे येऊन २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये उतरले. ती बातमी आली तेव्हा आमच्या चर्चचा जुना घंटावादक, जो १९७० नंतरच्या प्रत्येक संघाची अकरा नावे म्हणून दाखवितो, तो पायऱ्यांवर बसून हसत होता. "फादर, आमची माणसे परत आली," असे तो म्हणाला. त्याने त्या समूहात एक दिवसही नोकरी केलेली नाही.

आता मुलांच्या पत्राकडे वळतो. फाब्रिकेच्या मंडळींशी आणि तरुण संघाच्या वडीलधाऱ्यांशी बोलून आम्ही त्या गृहस्थांस उत्तर लिहिले. त्यांची मदत आम्हांस आनंदाने हवी आहे. गणवेशाच्या छातीवर त्यांच्या पेढीचे नाव राहील, फेस्ताच्या फलकावर राहील, आणि चषकासही देता येईल. परंतु नोंदणी गावच्या संघाच्याच नावे राहील. त्यासाठी आम्ही सभासदांची एक वही घालणार असून वार्षिक वर्गणी पन्नास रुपये ठेवीत आहोत, म्हणजे मासळी विकणाऱ्या आईसही ती भरता येईल. त्यांनी द्यावयाची रक्कम तीन वर्षांची एकदम नको. दरसाल द्यावी, आणि पुढच्या साली ती येणार नसेल तर सहा महिने आधी कळवावे. बूट व चेंडू यांपुरती शिल्लक आम्ही बाजूस टाकीत जाऊ.

मुले नाराज आहेत. त्यांतील धीट मुलगा आमच्याशी चार दिवस बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी येऊन म्हणाला की शेजारच्या गावाने अशीच अट मान्य केली असून त्यांस नवे बूट मिळालेसुद्धा. आम्ही त्यास खोटे कसे म्हणणार? बूट आम्हीही पाहिले, चांगले आहेत. गृहस्थांचे उत्तर अद्याप आलेले नाही. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर शाळेच्या खोलीत सभा आहे. वही तेथे टेबलावर ठेवलेली असेल. पहिले नाव घंटावादकाने आताच घातले आहे, आणि दुसरे इंग्लंडहून फोनवरून आले आहे. त्याची वर्गणी त्याच्या आईने भरली.